मांडा अर्धा, पण गरम! गोड आणि वजनाबद्दल वाचकांचे प्रश्न

आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन गेली, लग्नसराई अजून संपायचं नाव घेत नाही आणि या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये बहुतेकांचं दुखणं एकच, गोड. खावं तर वजनाची भीती आणि नाही खावं तर घरचे रुसतात. काही पत्रं लांबलचक होती ती थोडी कापलीत, नावं छापायची नाहीत असं सगळ्यांनीच लिहिलंय म्हणून नुसती गावं ठेवलीत.

प्रश्न: मी चाळीसगावला बँकेत आहे, वय ३४, दिवसभर खुर्चीतच. उंची ५ फूट २ इंच आणि वजन ७१. जानेवारीपासून मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये कॅलरी मोजतेय, रोजच्या १५०० ठरवल्यात, तीन किलो उतरले पण. आखाजीला माहेरी एरंडोलला गेले तर आईने चुलीवर खापर चढवून मांडे (खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्या) केलेले, मी दोन घास खाल्ले आणि ताट सारलं, आई त्यानंतर दिवसभर माझ्याशी धड बोलली नाही. अ‍ॅपमध्ये पुरणपोळी टाकली की एका ठिकाणी १८० दाखवतं, दुसऱ्या ठिकाणी ३५०. नक्की किती धरायच्या? आणि श्रावणात कानबाई देवीच्या प्रसादाचे रोट आहेतच, तेव्हा काय करू? (चाळीसगाव)

उत्तर: ताई, आधी अ‍ॅपचं बघू. त्यातली १८० वाली पोळी कोणाच्यातरी घरची तळहाताएवढी असेल, ३५० वाली दुसऱ्या कोणाची, आणि आपला मांडा त्या दोघींच्या हिशोबात बसतच नाही कारण तो हातावर फिरवून फिरवून खापराएवढा केलेला असतो. पातळ असतो म्हणून हलका वाटतो, पण पुरण त्यात भरपूर असतं. म्हणून पोळी मोजू नका, पातेलं मोजा. समजा आईने १ किलो हरभऱ्याची डाळ घेतली, १ किलो गूळ आणि पाऊण किलो वस्त्रगाळ पीठ, आणि त्यात १५ मांडे झाले. डाळीच्या साधारण ३६००, गुळाच्या ३८००, पिठाच्या २५५०, एकूण झाल्या ९९५० आणि भागिले १५ म्हणजे एका मांड्याच्या ६६० च्या आसपास, तूप अजून यायचंय. तुमच्या घरी मांडे २० झाले असतील तर आकडा खाली येईल, १२ झाले असतील तर वर जाईल. ही आकडेमोड एकदा केली की कुठल्याही सणाला चालते, अ‍ॅपला विचारायची गरज नाही.

आता आपलं आखाजीचं ताट कसं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. एक अख्खा मांडा ६६०, त्यावर मोठा चमचा तूप, १५ ग्रॅम धरलं तर १३५ (तुपाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, साखरेच्या ग्रॅमला ४, हे दोनच आकडे पाठ ठेवा). साखर घातलेला आमरस दोन वाट्या, ३५० च्या आसपास. शेजारी कुरडया, पापड, भजी, ते ३००-४०० कधी होतात कळतही नाही. म्हणजे एका ताटात १५०० गेल्या, तुमचा पूर्ण दिवस. आणि अजून संध्याकाळी चुलत्याकडे जायचंय.

पण म्हणून मांड्याला हात लावू नका असं मी सांगणार नाही. वर्षातून दोन-तीनदा मिळणारी गोष्ट आहे, गॅसवर तशी होत नाही, आणि ती हातावर पेलायला जमणाऱ्या बायका गावागणिक कमी होत चालल्यात. कापायचंय तर बाकीचं कापा. त्याच ताटात अर्धा मांडा घ्या (३३०), तूप लहान चमचा, ५ ग्रॅम (४५), रस एकच वाटी आणि बिनसाखरेचा. पिकलेल्या आंब्याच्या गरात १०० ग्रॅमला ६० च्या आसपास कॅलरी असतात म्हणजे भरलेली वाटी १२० ला पडते, आणि मे महिन्यातल्या आंब्यात साखर घालायची गरजच काय हे मला आजवर कळलेलं नाही. कुरडई एक, ती पण आवडत असेल तर. रशी वाटीभर घ्या, वरची तर्री चमच्याने बाजूला करून. सगळं मिळून ६०० च्या आसपास बसतं, संध्याकाळी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी खाल्ली की दिवस तुमच्या १५०० मध्ये आरामात येतो.

एक गंमत मात्र लक्षात घ्या. एकच चव खात राहिलं की जीभ कंटाळते, पहिल्या चार-पाच घासांची मजा दहाव्या घासाला राहत नाही, हे संशोधकांनी प्रयोग करून बघितलेलं आहे. पण आपल्या ताटात गोड घास झाला की झणझणीत रशीचा भुरका, मग कुरकुरीत कुरडई, मग परत गोड, जीभ कंटाळतच नाही ना भाऊ! तिला दर वेळी नवीन काहीतरी मिळतं आणि आपण एकाचे दोन मांडे करतो. त्यामुळे या ताटाला पोट भरल्याची वाट बघून उपयोग नाही, अर्धा की अख्खा हे बसायच्या आधीच ठरवावं लागतं.

आईचं म्हणाल तर ती अर्ध्या मांड्यासाठी रुसली नसती. दोन घास खाऊन ताट सारलं त्याचं तिला लागलं, चुलीसमोर ४४ डिग्रीत बसली होती ती. पुढच्या वेळी आधीच सांगा, आई मला अर्धाच दे पण खापरावरून उतरला की लगेच दे, आणि तो तिच्यासमोर बसून सावकाश खा, उरलेला अर्धा तुमच्याबरोबर जेवणाऱ्या कोणालाही द्या. तुमची उंची आणि वजन बघता बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) २८ च्या वर जातो, आपल्या लोकांसाठी २३ च्या आत असावा असं धरतात, म्हणजे वजन कमी करायचं तुमचं कारण खरंच आहे, ते आईला नीट सांगितलं की तिला पटेल.

कानबाईच्या रोटांचा प्रकार वेगळा. ते एका दिवसाचे नसतात, घरच्यांनी भाऊबंदांनी मिळून संपवायचे असतात, देवीचा प्रसाद म्हणून टाकता येत नाहीत आणि कोणालाही देऊन मोकळं होता येत नाही. तिथे मी म्हणेन ते दिवस दुपारच्या पोळीच्या जागी रोटाचा तुकडा, दोन्ही नाही, आणि त्या दिवसांत घरात दुसरं काही गोड आणायचंच नाही. पुढच्या वर्षी रोटाचं पीठ काढताना खाणारी तोंडं किती हे आधी मोजलं तर अर्धा प्रश्न तिथेच संपतो, हे मात्र सासूबाईंशी गोड बोलून ठरवा.

प्रश्न: आमच्या आबांना शुगर आहे, वय ६८, गोळ्या चालू आहेत, मागच्या वेळी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१ आली. त्यांचं म्हणणं साखर वाईट, गूळ चालतो, त्यातही सेंद्रिय गूळ तर औषधच. लग्नात गेले की शुगर फ्री मिठाई शोधतात, नाही मिळाली तर साधी खातात आणि म्हणतात आज एक गोळी जास्त घेऊ. आम्ही काही बोललो की चिडतात. (अमळनेर)

उत्तर: गोळीचं पहिले. गोड खाल्लं म्हणून गोळी वाढवायची नाही आणि जेवण चुकलं तर गोळी घ्यायची की नाही हेही स्वतः ठरवायचं नाही, हे डॉक्टरांनाच विचारायचं. ग्लिमेपिराईडसारख्या काही गोळ्यांनी साखर एकदम खाली जाते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात, डोकं चालत नाही, आणि ६८ वर्षांच्या माणसाला ते जास्त धोक्याचं. तसं झालंच तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्या (लाडू-पेढा नको, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात हळू पोचते), १५ मिनिटांनी परत तपासा, आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना.

आता गूळ. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी आणि १०० ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास, हा एवढाच फरक. गुळात थोडं लोह, थोडे क्षार असतात हे खरं पण ते मिळवण्याइतका गूळ खाल्ला तर आबांच्या शुगरचं काय होईल ते सांगायला नको. सेंद्रिय असला तरी तो उसाच्याच रसाचा आहे, रक्तात गेल्यावर शरीर त्याचं सर्टिफिकेट बघत नाही. मधाचंही तेच.

शुगर फ्री मिठाईच्या डब्यावर साखर नाही एवढंच लिहिलेलं असतं. खवा, तूप, काजू, मैदा हे सगळं आत असतंच, म्हणून कॅलरी फार कमी होत नाहीत आणि माणूस मात्र निर्धास्त होऊन चार तुकडे खातो. डब्याच्या मागे दर १०० ग्रॅमला ऊर्जा किती ते छापलेलं असतं, ते वाचायची आबांना सवय लावा, चष्मा द्या हातात. (जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय की वजन कमी करायला म्हणून असे कृत्रिम गोडवे वापरू नका, मात्र ती सूचना डायबिटीस असलेल्यांसाठी नव्हती, म्हणून आबांनी चहात शुगर फ्रीची गोळी टाकली तर त्यावर घरात भांडण नको.)

काय करता येईल? लग्नात गोड शेवटी घ्यायला सांगा. आधी कोशिंबीर, डाळ, भाजी, मग भाकरी किंवा भात, मग एक लहान तुकडा. रिकाम्या पोटी जिलेबी खाल्ली की साखर जशी उसळते तशी भाजी-डाळीनंतर उसळत नाही. आणि तो तुकडा घेतला तर त्या बदल्यात एक पोळी किंवा भात कमी, वर म्हणून नाही. जेवण झालं की मांडवात खुर्ची पकडून न बसता १०-१५ मिनिटं पाहुण्यांमध्ये फिरत राहा म्हणावं, तेवढ्यानेसुद्धा फरक पडतो. ८.१ आहे म्हणजे हे रोज करायचं नाही, लग्नापुरतंच, आणि पुढच्या तपासणीत आकडा खाली नाही आला तर तेही बंद. चिडतात कारण घरातले सगळे त्यांच्या ताटाकडे बघत बसतात, हे पण खरं आहे बरं का. २०२३ ला आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पाहणीत देशात १० कोटींच्या वर डायबिटीसचे आणि १३ कोटींच्या वर त्याच्या उंबरठ्यावर असलेले निघाले, म्हणजे जे आबांच्या ताटाकडे बघतायत त्यांच्यातल्या एखाद्याला स्वतःचा रिपोर्ट काढायची जास्त गरज असेल.

प्रश्न: आमची स्वतःची केळी आहे, चार एकर. वजन वाढलं म्हणून दवाखान्यात गेलो तर सांगितलं केळी बंद करा. घरात घड लटकलेला आणि मी खायचं नाही, हे काय जमणार? (रावेर)

उत्तर: दादा, रावेरच्या माणसाला केळी बंद सांगणं म्हणजे फारच झालं. सोललेल्या केळ्याला १०० ग्रॅममागे ९० च्या आसपास कॅलरी, म्हणजे एक मध्यम केळं १०० ला पडतं. शेतात फिरताना दोन खाल्ली तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त ती जेवणावर नको, जेवणाच्या आधीच्या खारी-बिस्किटांच्या जागी खा. वजन वाढवतात ते केळ्याचे नातेवाईक. वेफर्स घ्या, तेच केळं तळलं की १०० ग्रॅमला ५०० च्या वर जातं, आणि पाकीट फोडलं की गप्पा मारता मारता संपतंच. शिकरणीत किती साखर पडते ते घरात विचारा. आणि शेकमध्ये आईस्क्रीम, साखर, वरून सुकामेवा, त्यात बिचाऱ्या केळ्याचा वाटा सगळ्यात कमी. जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय तो काय वेफर्सच्या पाकिटासाठी नाही मिळाला.

एक मात्र, शुगर असेल तर अगदी पिकून काळे ठिपके आलेलं केळं टाळा आणि एका वेळी अर्धंच, आणि किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे डॉक्टरांचं म्हणणं बरोबर असू शकतं. तुम्ही पत्रात ते काही लिहिलं नाही, म्हणून त्यांना एकदा कारण विचारून घ्या.

प्रश्न: मी मूळचा शिरपूरचा, पुण्यात हिंजवडीला आयटीत आहे, वय २७. सोमवार ते शनिवार कडक डाएट, गोड झिरो, रविवारी चीट डे. सकाळी जिलेबी, दुपारी अनलिमिटेड थाळी त्यात श्रीखंड बासुंदी काय असेल ते, रात्री आईस्क्रीम. आठवडाभर एवढं सहन करतो तरी वजन एक ग्रॅम हलत नाही. मेटाबॉलिझम स्लो आहे का माझं? (पुणे)

उत्तर: मेटाबॉलिझमला दोष द्यायच्या आधी बेरीज करू. सहा दिवस तू रोज ४०० कमी खातोस असं धरलं तर २४०० वाचल्या. रविवारच्या त्या तीन बैठकांमध्ये नेहमीपेक्षा २४०० जास्त जाणं काही अवघड नाही, श्रीखंडच १०० ग्रॅमला २५० च्या आसपास असतं आणि अनलिमिटेड थाळीत पैसे वसूल करायच्या नादात ते १०० ग्रॅमवर थांबत नाही. झालं, आठवडा शून्यावर. चालून भरून काढू म्हणशील तर अर्ध्या तासाच्या भरभर चालण्यात १२० ते १५० च्या आसपासच जातात, म्हणजे रविवारचा हिशोब फेडायला आठ-दहा तास चालावं लागेल.

माझा सल्ला उलटा आहे. तो कडक सोमवार सोड. रोज १०० ते १५० कॅलरीचं गोड ठरवून खा, एखादा लहान पेढा, अर्धा लाडू, घरून आणलेली एक सांजोरी असेल तर ती, आणि रविवार बाकीच्या दिवसांसारखाच ठेव. सहा दिवस गोडाचं नाव काढायचं नाही असं ठरवलं की डोक्यात सातव्या दिवशीचं गोडच फिरत राहतं, मग समोर आल्यावर थांबता येत नाही. घरच्या बेसनाच्या एका मध्यम लाडवात (४० ग्रॅम) बेसन, तूप, साखर मिळून २०० च्या आसपास कॅलरी असतात, अर्धा लाडू १०० ला पडला, तो तुझ्या रोजच्या हिशोबात सहज बसतो.

आणि गोड झिरो म्हणतोस, ऑफिसमध्ये चहा किती वेळा होतो? मशीनचा चार वेळा धरला आणि कपात दोन चमचे साखर, तर ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी रोज. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याने वरची साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, २५ च्या आत ठेवली तर अजून चांगलं, तू २५ ची मर्यादा पेढ्याला हात न लावताच ओलांडलीस. महिन्याचे झाले ४८००. वर चाळीसगावच्या ताईंच्या पत्रात मांड्याचा हिशोब केलाय तो बघ, महिन्याच्या चहात सात अख्खे मांडे गेले आणि तुला त्यातल्या एकाचीही चव लागली नाही! वजनं नुसती सणाच्या गोडाने वाढत नाहीत, या चहा-टोस्ट-बिस्किटाने आणि कोणाच्यातरी वाढदिवसाच्या केकच्या तुकड्यानेही वाढतात, आणि ते खाल्लं हे आपण मोजतच नाही.

रविवारी खाताना थांबताच येत नाही, नंतर लाज वाटते, उलटी काढावीशी वाटते असं काही होत असेल तर ते डाएटचं काम नाही, डॉक्टरांशी बोल. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न: माझी डिलिव्हरी होऊन दोन महिने झालेत. आईने डिंकाचे आणि मेथीचे मिळून दोन मोठे डबे भरून लाडू पाठवलेत, सासूबाई सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन खायला लावतात, म्हणतात दूध येतं. वजन आधीच १४ किलो वाढलेलं आहे. (पारोळा)

उत्तर: अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० च्या आसपास कॅलरी जास्त लागतात, आयसीएमआरचाच आकडा आहे, म्हणून सासूबाई अगदीच चुकीच्या नाहीत. पण ४५-५० ग्रॅमच्या डिंकाच्या लाडवात तूप, गूळ, खोबरं, सुकामेवा धरून २००-२५० सहज होतात, चार लाडवांत ८०० ते १०००, वर बाकी जेवण आणि साजूक तुपातला शिरा आहेच. एक सकाळी दुधाबरोबर, हवाच असेल तर अजून अर्धा संध्याकाळी, एवढं पुरे. उरलेल्या जास्तीच्या कॅलरी डाळ, दही, अंडी खात असाल तर अंडी, भाज्या, भाकरी यातून येऊ द्या. दूध लाडवाने येत नाही हो, बाळाला वारंवार पाजल्याने येतं. आत्ता लगेच डाएट मात्र करू नका.

डबे आईने प्रेमाने पाठवलेत तर तिला फोन करून लाडू संपले म्हणू नका, तिसरा डबा येईल.

प्रश्न: सुनेला आणि मुलाला कॅलरीचं वेड लागलंय. पाहुणे आले की मी आग्रह करते तर सून मला डोळे दाखवते. आमच्याकडे "ले ना वं माय, आखो एक ले" म्हटल्याशिवाय जेवण झालं असं वाटतच नाही. आग्रह नाही केला तर लोक म्हणतील या घरात हात आखडता घेतात. (चोपडा)

उत्तर: जिजी, आग्रह करा की. फक्त कशाचा करायचा ते बदला. पाहुण्याला वांग्याच्या भरिताचा आग्रह करा, कळण्याच्या भाकरीचा करा, ताकाचा करा, आंब्याच्या फोडींचा करा. गोडाचं पातेलं पंगतीत फिरवू नका, मध्ये ठेवा आणि वाट्या लहान काढा, ज्याला हवंय तो मागून घेईल. मोठ्या वाटीत माणूस मोठीच वाटी संपवतो, लहान वाटी दोनदा घेतली तरी त्याला वाटतं आपण भरपूर खाल्लं. जाताना दोन लाडू कागदात बांधून द्या, हात आखडता घेतला असं कोणी म्हणणार नाही उलट नाव काढतील. आणि ज्यांना शुगर आहे त्यांनी एकदा नाही म्हटलं की दुसऱ्यांदा विचारायचं नाही, एवढं तुम्ही पाळलंत तर सूनबाई डोळे दाखवणार नाहीत.

सूनबाई हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी, पाहुण्यांसमोर ताटातला पदार्थ आणि त्याच्या कॅलरी मोठ्याने वाचून दाखवू नका. समोरच्याचा घास अडकतो आणि करणाऱ्या बाईचा दिवस वाया जातो. काय सांगायचं ते जिजींना स्वयंपाकाच्या आधी सांगा, पुरणात गूळ पाव किलो कमी घालून बघू म्हणा. एक किलो डाळीला पाऊण किलो गूळ आणि वेलची-जायफळ जरा सढळ, खाणाऱ्याच्या लक्षातही येत नाही आणि पातेल्यामागे ९५० कॅलरी कमी होतात.

प्रश्न: रेल्वेत आहे, भुसावळहून ड्युटीवर बुऱ्हाणपूरला जाणं होतं. तिथली मावा जिलेबी सुटत नाही. कंबर ३८ इंच झालीये. किती खाल्ली तर चालेल ते सरळ सांगा, भाषण नको. (भुसावळ)

उत्तर: एक. गरम असेल तरच, आणि उभ्या उभ्या तिथेच. खवा, वरून तळलेली, वरून पाकात बुडवलेली, तिन्ही एकाच जागी आहे, म्हणून नगावर जाऊ नका, दुकानदाराला वजन करायला सांगा आणि ७०-८० ग्रॅमच्या वर घेऊ नका. घरी अर्धा किलो पार्सल आणायचं बंद, कारण ते घरच्यांच्या नावाने येतं आणि रात्री फ्रिजसमोर तुम्हीच संपवता. जिलेबीबरोबर चहा घेतलात तर बिनसाखरेचा. त्या दिवशी रात्री शेवभाजी नको, वरण-भाकरी.

३८ इंच म्हणजे साडेशहाण्णव सेंटिमीटर, आपल्याकडे पुरुषांना ९० च्या आत सांगतात. एकदा साखर आणि बीपी तपासून घ्या आणि रिपोर्ट चांगला आला तर दर ट्रिपला नाही, महिन्यातून दोनदा खा.